बर्फ वितळतो ध्रुवावर, पाणी चढते किनाऱ्यावर

ग्रीनलँड आणि अंटार्क्टिका ही नावे आपण भूगोलाच्या पुस्तकात वाचतो आणि परीक्षा संपली की विसरून जातो. पण तिथल्या बर्फाचा संबंध मुंबईच्या नाल्यांशी, पेणच्या भातशेतीशी आणि निवृत्तीनंतर कोकणात घेतलेल्या प्लॉटशीही आहे. तो कसा?

उन्हाळ्यात पाहुणे आले की लिंबाचे सरबत होते. ग्लास काठोकाठ भरलेला असतो आणि वर बर्फाचे दोन खडे तरंगत असतात. गप्पांच्या नादात बर्फ वितळून जातो, पण ग्लासातून एक थेंबही बाहेर सांडत नाही. असे का होते, हे घरातल्या मुलांना विचारून पाहा. बहुतेक मुले आधी बुचकळ्यात पडतील.

आता दुसरा ग्लास घ्या, तोही काठोकाठ भरा. त्यावर चहाची गाळणी ठेवा आणि बर्फाचे खडे पाण्यात न टाकता गाळणीत ठेवा. अर्ध्या तासात ओट्यावर पाणी पसरलेले दिसेल.

जगातल्या समुद्राचे पाणी का वाढते, हा प्रश्न या दोन ग्लासांत बराचसा सुटतो. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, हा आर्किमिडीजचा नियम. पाण्यात तरंगणाऱ्या बर्फाने आपली जागा आधीच घेतलेली असते. तो वितळला की त्याचे पाणी तेवढ्याच जागेत मावते. गाळणीतल्या बर्फाचे तसे नाही. तो पाण्याबाहेर होता, म्हणून त्याचा प्रत्येक थेंब नवी भर घालतो.

उत्तर ध्रुवाभोवतीचा आर्क्टिक समुद्र म्हणजे पहिला ग्लास. तिथे गोठलेले समुद्राचेच पाणी तरंगते आहे. ते सारे वितळले तरी समुद्राची पातळी जवळजवळ वाढणार नाही. अगदी काटेकोर हिशेब केला तर बर्फाचे पाणी गोडे आणि समुद्राचे खारे, त्यामुळे किंचित फरक पडतो, पण तो नगण्य आहे. जुलै २०१७ मध्ये अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यापासून सुमारे ५,८०० चौरस किलोमीटरचा एक हिमनग सुटला. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे, यावरून त्याच्या आकाराची कल्पना यावी. इतका मोठा तुकडा सुटला म्हणजे आता समुद्र वाढणार, असे अनेकांना वाटले. तसे काहीच झाले नाही, कारण तो तुकडा सुटण्याआधीही पाण्यावरच तरंगत होता.

मात्र आर्क्टिकचा बर्फ वितळला तर बिघडले कुठे, असे म्हणून हात झटकता येत नाहीत. पांढरा बर्फ सूर्याचा बराचसा प्रकाश परत फेकतो, काळेनिळे पाणी तो शोषून घेते. उन्हात पांढऱ्या आणि काळ्या कपड्यांत जो फरक जाणवतो, तोच इथे. बर्फ हटला की समुद्र तापतो आणि त्या ऊबेची झळ शेजारच्या ग्रीनलँडला लागते. ग्रीनलँड हा गाळणीतला बर्फ आहे.

कोठारे दोनच, पण अवाढव्य

जमिनीवरच्या बर्फाची मोठी कोठारे दोन आहेत. ग्रीनलँडवर सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर बर्फ पसरलेला आहे आणि काही ठिकाणी त्याची जाडी तीन किलोमीटरहून अधिक आहे. अंटार्क्टिका त्याच्या कितीतरी पट मोठी. ग्रीनलँडचा सारा बर्फ वितळला तर जगाच्या समुद्राची पातळी सुमारे ७ मीटरने वाढेल, अंटार्क्टिकाचा वितळला तर सुमारे ५८ मीटरने. हिमालय, आल्प्स, अँडीज, अलास्का अशा सगळ्या पर्वतांवरच्या हिमनद्या एकत्र केल्या तरी त्यांच्यात अर्धा मीटरसुद्धा पाणी नाही.

सगळा बर्फ आपल्या नातवंडा-पतवंडांच्या काळात वितळणार नाही, त्याला शेकडो-हजारो वर्षे लागतील. तेव्हा ५८ मीटरच्या आकड्याने झोप उडवून घेण्याचे कारण नाही. झोप उडवायची तर मिलिमीटरच्या आकड्यांनी उडावी.

पृथ्वीवरच्या समुद्राचे क्षेत्रफळ सुमारे ३६ कोटी चौरस किलोमीटर आहे. एवढ्या पसाऱ्याची पातळी एक मिलिमीटरने वाढवायला सुमारे ३६ हजार कोटी टन बर्फ वितळावा लागतो. १९९२ ते २०२० या काळात एकट्या ग्रीनलँडने ४ लाख ८९ हजार कोटी टन बर्फ गमावला, म्हणजे समुद्रात साडेतेरा मिलिमीटरची भर. अंटार्क्टिकाने याच काळात २ लाख ६७ हजार कोटी टन गमावला, म्हणजे आणखी साडेसात मिलिमीटरच्या आसपास. शिवाय वेग वाढतो आहे. १९९२ ते १९९९ च्या तुलनेत २०१० ते २०१९ या काळात या दोन्ही ठिकाणचा बर्फ घटण्याचा वेग चौपट झाला होता.

हे वजन तोलले कोणी, असा प्रश्न कोणालाही पडेल. २००२ साली अमेरिका आणि जर्मनीने दोन जुळे उपग्रह सोडले. एकामागून एक, सुमारे २२० किलोमीटर अंतर ठेवून ते पृथ्वीभोवती फिरत. खाली जड वस्तुमान आले की पुढचा उपग्रह किंचित आधी ओढला जाई आणि दोघांतले अंतर बदले. केसाच्या जाडीहून कमी असलेला हा बदल मोजून खालच्या बर्फाचे वजन काढले जाई. पाठशिवणीच्या या खेळामुळे त्यांना टॉम आणि जेरी असे लाडके नावही पडले. २०१७ मध्ये ते निवृत्त झाले आणि २०१८ मध्ये त्याच पद्धतीची नवी जोडी वर गेली.

बर्फाबरोबर दुसराही एक हिशेब धरावा लागतो. तापमापीतला पारा तापला की चढतो, तसे समुद्राचे पाणीही तापले की फुगते. १९७१ ते २०१८ या काळातल्या पातळीवाढीत जवळजवळ निम्मा वाटा या फुगण्याचा होता. २००६ नंतरच्या काळात मात्र बर्फाचा वाटा त्याच्या पुढे गेला.

दाराचा अडसर निघाला की

ग्रीनलँडचा बर्फ बराचसा वरून वितळतो. उन्हाळ्यात हिमस्तरावर निळ्याशार पाण्याची तळी साचतात, कुठेतरी भेग पडते आणि सारे तळे धबधब्यासारखे खाली कोसळते. १२ जुलै २०१२ रोजी हिमस्तराच्या पृष्ठभागाचा ९७ टक्के भाग वितळू लागल्याचे उपग्रहांनी टिपले. १४ ऑगस्ट २०२१ रोजी तर हिमस्तराच्या माथ्यावर, ३,२०० मीटर उंचीवर, चक्क पाऊस पडला. नोंदी ठेवायला सुरुवात झाल्यापासून तिथे पडलेला हा पहिला पाऊस.

बर्फ समुद्रात जाण्याचा दुसरा रस्ता म्हणजे हिमनदी. ती बर्फाचे कडे समुद्रापर्यंत वाहून आणते आणि तिथे ते तुटून हिमनग होतात. १९१२ साली टायटॅनिक ज्यावर आपटली तो हिमनगही ग्रीनलँडच्या पश्चिम किनाऱ्यावरूनच आला असावा, असे मानले जाते. गंमत अशी की असा हिमनग समुद्राची पातळी वाढवतो तो वितळताना नव्हे, तर जमिनीवरून पाण्यात उतरतो त्याच वेळी. पुढे तो वितळो की वर्षभर तरंगत राहो, भर घालून झालेली असते.

अंटार्क्टिकात थंडी इतकी कडक की वरून फारसे वितळत नाही. तिथे धोका खालून आहे. तिथल्या हिमनद्या समुद्रात शिरल्यावर लगेच तुटत नाहीत. शेकडो मीटर जाडीच्या फळीसारख्या त्या पाण्यावर तरंगत राहतात. ही हिमफळी तरंगती असल्यामुळे ती वितळून पातळी वाढत नाही, पण दाराला लावलेल्या अडसरासारखी ती मागच्या बर्फाला थोपवून धरते. २००२ च्या सुरुवातीला ‘लार्सन बी’ नावाची सुमारे ३,२५० चौरस किलोमीटरची हिमफळी काही आठवड्यांत फुटून तिचे तुकडे तुकडे झाले. त्यानंतर तिच्या मागच्या हिमनद्यांचा वेग कित्येक पटींनी वाढला.

म्हणूनच शास्त्रज्ञांचे डोळे पश्चिम अंटार्क्टिकातल्या थ्वेट्स हिमनदीकडे लागले आहेत. हिला हिमनदी म्हणायचे, पण तिचे क्षेत्रफळ दोन लाख चौरस किलोमीटरच्या जवळ जाते. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ तीन लाखांच्या थोडे वर आहे! ती जिच्यावर टेकली आहे ती जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि आत जावे तसतशी आणखी खोल होत जाते. कोमट पाणी खालून शिरते, बर्फ तळापासून सुटतो, मग पाणी आणखी आत शिरते. एकट्या थ्वेट्समध्ये समुद्र सुमारे ६५ सेंटीमीटरने वाढवण्याइतका बर्फ आहे. वर्तमानपत्रांनी तिला ‘प्रलयाची हिमनदी’ असे नाव दिले. अनेक शास्त्रज्ञांना ते नाव आवडत नाही आणि त्यांचे म्हणणे योग्यच आहे. प्रलय एका रात्रीत येतो, थ्वेट्सचा मामला दशकांचा आणि शतकांचा आहे. पण एकदा अडसर निघाला की तो परत लावता येत नाही.

भारताचा या प्रदेशाशी संबंध जुना आहे. डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्यातून निघाली आणि जानेवारी १९८२ मध्ये अंटार्क्टिकावर उतरली. पुढे उभारलेले ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले केंद्र अशाच हिमफळीवर होते. ते हळूहळू बर्फात गाडले गेले आणि सोडून द्यावे लागले. नंतरची ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही केंद्रे शहाणपणाने खडकावर बांधली गेली. आजही या मोहिमांचा सारा कारभार गोव्यात वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो.

पाणी सगळीकडे सारखे चढत नाही

परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला, ही कथा कोकणात घरोघरी सांगितली जाते. समुद्र खरोखरच मागे हटताना ज्यांनी पाहिला ते मात्र स्वीडनचे कोळी होते. त्यांचे पूर्वज ज्या खडकांवर सील मारत, ते खडक पाण्याबाहेर इतके वर आले की सीलांना चढता येईना. तापमापीमुळे ज्याचे नाव आपल्या तोंडी आहे त्या सेल्सियसने १७३१ साली तिथल्या एका खडकावर पाण्याच्या पातळीची खूण कोरली. आज ती खूण पाण्यापासून जवळजवळ दोन मीटर वर आहे.

पाणी आटते आहे, असा सेल्सियसचा समज झाला होता. खरे कारण पुढे कळले. शेवटच्या हिमयुगात, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, तिथे किलोमीटरच्या किलोमीटर जाडीचा बर्फ होता. त्याच्या भाराने जमीन दबली होती. बर्फ गेला आणि जमीन सावकाश वर येऊ लागली, उठून गेल्यावर गादी वर येते तशी. ती अजून वर येतेच आहे. त्या हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता आणि भारतातून श्रीलंकेत पायी जाता येत होते.

याहून चमत्कारिक गोष्ट गुरुत्वाकर्षणाची आहे. ग्रीनलँडचा बर्फ इतका जड आहे की तो आजूबाजूचे समुद्राचे पाणी स्वतःकडे ओढून धरतो. बर्फ कमी झाला की ही ओढ सैल होते आणि ते पाणी दूर निघून जाते. त्यामुळे ग्रीनलँड वितळला तर त्याच्यापासून सुमारे दोन हजार किलोमीटरच्या आत समुद्र चढण्याऐवजी उतरतो. आइसलँडच्या लोकांना शेजारचा बर्फ वितळूनही पाणी कमी झालेले दिसेल. हे उतरलेले पाणी जाते कुठे? दूरच्या किनाऱ्यांवर, मुख्यतः उष्ण कटिबंधात. आपला देश ग्रीनलँडपासूनही दूर आणि अंटार्क्टिकापासूनही दूर. म्हणून दोन्हीकडचा बर्फ वितळला की आपल्या वाट्याला जगाच्या सरासरीहून थोडे जास्तच पाणी येते. हा न्याय आहे की अन्याय, हे वाचकांनीच ठरवावे.

वीतभर पाण्याची किंमत

मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ सालापासून भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवल्या जातात. हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी या आहेत. भारताच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये दिलेल्या अहवालानुसार उत्तर हिंदी महासागराची पातळी १८७४ ते २००४ या काळात वर्षाला १.०६ ते १.७५ मिलिमीटर वाढत होती. १९९३ ते २०१५ या काळात ती वर्षाला ३.३ मिलिमीटर वाढली. साऱ्या जगाचा विचार केला तर १९०१ ते २०१८ या काळात समुद्र सरासरी २० सेंटीमीटरने, म्हणजे सुमारे वीतभर वाढला. त्यातली जवळजवळ अर्धी वीत १९९३ नंतरची.

वीतभर पाण्याने काय होते, असे मुंबईकर म्हणेल. त्याच्या समुद्रात तर रोज दोनदा कित्येक मीटर पाणी चढते आणि उतरते! पण खरी मेख तिथेच आहे. पावसाचे पाणी समुद्रात सोडणारी मुंबईच्या नाल्यांची बहुतेक तोंडे भरतीच्या पातळीखाली आहेत. भरतीच्या वेळी पाणी बाहेर जाऊ शकत नाही, ओहोटीची वाट पाहावी लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यातच भरती आली आणि पुढे काय झाले ते सर्वांना आठवत असेल. त्यानंतर हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया आणि गझदरबंध इथे पाणी उपसण्याची केंद्रे उभी राहिली. समुद्र वीतभर वर आला की पाणी आपोआप वाहून जाण्याचे तास कमी होतात आणि पंप चालवण्याचे तास वाढतात. वीतभर पाण्याची किंमत ही अशी विजेच्या बिलात आणि तुंबलेल्या रस्त्यांत मोजावी लागते.

रायगड जिल्ह्यातल्या पेण-अलिबागच्या शेतकऱ्याला हे कोणी समजावून सांगायला नको. खाडीकाठची त्याची भातशेती मातीच्या बांधामागे, भरतीच्या पातळीखाली आहे. बांधातल्या उघाडीतून पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर जाते आणि भरतीला खारे पाणी आत येऊ नये म्हणून उघाडी बंद होते. उधाणाची भरती बांधावरून आली किंवा बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात पसरते आणि पुढची काही वर्षे तिथे धड भात होत नाही. बांध दुरुस्त करायला पूर्वी सारा गाव उतरत असे. आता गावात हात कमी आणि तरुण पोरे मुंबई-पुण्याला. बांधाची उंची मात्र वाढवावीच लागणार. जिथे खाडीकाठची कांदळवने तोडली गेली, तिथे लाटांचा मार थेट बांधावर बसतो.

पूर्व किनाऱ्याची स्थिती याहून वाईट आहे. सुंदरबनातले लोहाचरा बेट १९८० च्या दशकात पाण्याखाली गेले, शेजारचे घोडामारा बेट निम्म्याहून अधिक खचले आहे. ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यात सातभाया या गावांच्या समूहातली एकामागून एक गावे समुद्राने घेतली आणि उरलेल्या शेकडो कुटुंबांना सरकारने बागपटिया इथे वसवले. इथे सारा दोष बर्फाच्या माथी मारणे बरोबर नाही. सुंदरबनाची जमीन स्वतःच खचते आहे, वरच्या बाजूला धरणे झाल्याने नद्या पूर्वीइतका गाळ आणत नाहीत आणि किनाऱ्याची धूपही होते. पण आधीच बुडत्या माणसाच्या डोक्यावर कोणी हात ठेवावा, तशी ही वाढती पातळी आहे.

पुढे काय? २०२१ च्या आंतरराष्ट्रीय अहवालानुसार जगाने धूर ओकणे झपाट्याने कमी केले तर या शतकाच्या अखेरीपर्यंत समुद्र आणखी २८ ते ५५ सेंटीमीटर वाढेल, आणि अगदीच बेफिकीर राहिले तर ६३ सेंटीमीटर ते एक मीटर. अंटार्क्टिकाचे अडसर अपेक्षेपेक्षा लवकर निघाले तर दोन मीटरपर्यंतची शक्यताही शास्त्रज्ञांनी पुसून टाकलेली नाही. दोन मीटर हा आकडा मालदीवच्या लोकांना विचारावा. त्यांच्या देशाची सरासरी उंचीच सुमारे दीड मीटर आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये त्यांच्या मंत्रिमंडळाने पाण्याखाली बैठक घेतली होती, ती उगीच नव्हे.

समुद्रकाठी घर घेण्यापूर्वी

‘बाल्कनीतून समुद्र दिसतो’ अशी जाहिरात वाचून अनेक कुटुंबे भविष्यनिर्वाह निधीचे पैसे अलिबाग, दापोली, गुहागर किंवा गोव्यातल्या प्लॉटमध्ये घालतात. १९९१ साली केंद्र सरकारने किनारा नियमन क्षेत्राचे नियम केले, तेव्हा ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई होती. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात हे अंतर ५० मीटरवर आणले. समुद्र पुढे सरकत असताना घरांनाही पुढे सरकू देणारा हा नियम विचित्रच म्हणावा लागेल. परवानगी मिळाली म्हणजे जागा सुरक्षित झाली, असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये.

इसार देण्यापूर्वी ती जागा एकदा जुलै-ऑगस्टमधल्या अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या आसपास, ऐन भरतीच्या वेळी जाऊन पाहावी. दलाल शक्यतो डिसेंबरात, ओहोटीला जागा दाखवतात. दहा-वीस वर्षांपूर्वी पाणी कुठवर येत असे आणि आता कुठवर येते, हे दलालाला न विचारता शेजारच्या कोळीवाड्यात विचारावे. वाळूत उन्मळून पडलेली सुरूची झाडे दिसतात का तेही पाहावे. आणि आवारात विहीर असेल तर तिचे पाणी मे महिन्यात मचूळ होते का, हे वर्षभर तिथे राहणाऱ्या एखाद्या बाईला विचारून घ्यावे. तिला ते नक्की ठाऊक असते.